कापसाला दारं किती? सरकारी खरेदी की खुला बाजार



कापसाची वेचणी सुरू झाली की गावोगावच्या पारावर एक वाद हमखास रंगतो. एक म्हणतो, "सगळा कापूस सरकारनंच घ्यावा, व्यापारी लुटतात." दुसरा म्हणतो, "सरकारनं हात घातला की वाटोळं झालंच समजा." एका बैठकीत एका म्हाताऱ्या कास्तकारानं मलाच विचारलं, "साहेब, तुम्ही शिकलेले. तुमचं काय म्हणणं?" सरकारी नोकराने अशा वादात पडू नये हे खरे. पण मी आधी कास्तकाराचा पोरगा, मग विस्तार अधिकारी.

हाच वाद जगातले अर्थशास्त्रज्ञ शंभर वर्षांपासून घालत आहेत. समाजवादाचे म्हणणे असे की नफ्यासाठी धावणारा बाजार गरिबाला पिळतो, म्हणून जमीन, कारखाने आणि व्यापार समाजाच्या मालकीचे करावेत आणि किती पिकवायचे ते सरकारने ठरवावे. यावर १९२० मध्ये ऑस्ट्रियाचे लुडविग फॉन मिझेस यांनी आक्षेप घेतला. सगळेच सरकारचे झाले की खरेदी-विक्री थांबते, खरेदी-विक्री थांबली की भाव राहत नाही, आणि भाव नसला की परवडते काय, बुडते काय याचा हिशेबच लागत नाही. १९४५ मध्ये हायेक यांनी त्यात भर घातली. कोणत्या शेतात काय येईल, कुठे टंचाई आहे, ही माहिती लाखो माणसांच्या डोक्यात विखुरलेली असते. राजधानीतल्या टेबलावर ती कधीच गोळा होत नाही. भाव ही त्या माहितीची चिठ्ठी असते. पोलंडचे ऑस्कर लांगे यांनी उलट उत्तर दिले की माल तुंबला की भाव उतरवायचा, टंचाई झाली की चढवायचा, हे सरकारी मंडळालाही जमेल. कागदावर हे पटते. प्रत्यक्षात काय झाले ते कापसाच्याच उदाहरणाने पाहू.

सोव्हिएत संघात उझबेकिस्तान हे कापसाचे कोठार. किती कापूस हवा ते मॉस्कोत ठरायचे. त्यासाठी अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्यांचे पाणी कापसाकडे वळवले. १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. एके काळचे ते जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर, त्याच्या तळावर आज वाळू आणि मीठ उडते. पाण्याला भाव नव्हता, त्यामुळे ते किती महाग पडतेय हे हिशेबात कुठेच दिसले नाही. वरून लक्ष्यांक वाढतच गेला. १९८० च्या दशकात चौकशी झाली तेव्हा निघाले, की कधी पिकलाच नाही असा कापूस वर्षानुवर्षे कागदावर दाखवला होता आणि मॉस्कोने त्याचे पैसेही मोजले होते.

आम्हा खात्यातल्या मंडळींना याचे फार नवल वाटू नये. मार्चअखेर लक्ष्यांक गाठायचा असला की आकडा कसा जमतो, ते ग्रामसेवकालाही माहीत आहे आणि कृषी सहायकालाही. माणसे वाईट असतात असे नाही. वरच्याला खूश ठेवणे हेच काम झाले की शेताकडे पाठ होते.

आता आपल्या घरचे. व्यापाऱ्यांच्या पिळवणुकीतून सुटका व्हावी म्हणून महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. हेतू चांगला होता. हमखास गिऱ्हाईक मिळाले, भावाची खात्री मिळाली, हे जुने लोक आजही मान्य करतात. पण राज्यात खरेदीदार एकच. वडील सांगतात, केंद्रावर गाडी लावली की दोन-दोन रात्री गाडीखालीच झोपायचे. ग्रेडर म्हणेल ती प्रत, आणि चुकारा मिळेल तेव्हा खरा. दुसरीकडे जायची सोय नव्हती, कारण राज्याबाहेर कापूस नेणे गुन्हा. तरी बाहेर भाव चढला की कापूस चोरवाटांनी शेजारच्या राज्यांत जायचा, आणि आपला हमीभाव जास्त असला की तिकडचा कापूस आपल्या केंद्रांवर यायचा. म्हणजे फायद्याच्या वर्षी माल बाहेर आणि तोट्याच्या वर्षी माल आत! तोटा हजारो कोटींवर गेला आणि २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना दार उघडावे लागले. शेतकरी संघटनेने झोनबंदीविरुद्ध उठवलेला आवाज त्याआधी कितीतरी वर्षांचा.

मग खुला बाजार आला आणि सगळे आलबेल झाले का? तसेही नाही. २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले, ते काय सुबत्ता होती म्हणून? जगाचा बाजारही म्हणावा तितका खुला नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देऊन भाव पाडते, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे केली आणि ती जिंकली. शिवाय भावाची चिठ्ठी सगळ्यांना सारखी उपयोगी पडत नाही. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पण तो भाव मिळाला कोणाला? ज्याच्या घरात तेव्हा कापूस शिल्लक होता त्यालाच. उसनवारी फेडायला दिवाळीतच खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर माल घातलेल्याला तो फक्त पेपरात वाचायला मिळाला.

तेव्हा त्या म्हाताऱ्या कास्तकाराला मी दिलेले उत्तर असे : बाबा, खरेदीदार सरकार आहे की व्यापारी, यापेक्षा आपल्याला दारं किती आहेत ते पाहा. एकच दार असले की त्या दारावरचा माणूस मालक होतो, मग त्याच्या टोपीचा रंग कोणताही असो. चार व्यापारी आतून एक झाले की तीही एकाधिकार खरेदीच. नियोजनावर अर्थशास्त्रज्ञांनी जो आक्षेप घेतला, तोच त्या चौघांनाही लागू पडतो.

म्हणून सरकारने राहावे, पण एकमेव म्हणून नव्हे. सीसीआयची हमीभावाने खरेदी हे एक दार आहे. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याला ७,५२१ रुपये हमीभाव होता. भाव पडला की हे दार वेळेवर उघडले पाहिजे. तिथे बारा टक्क्यांवर ओलावा चालत नाही, म्हणून कापूस वाळवूनच न्या. बाजार समिती हे दुसरे दार, तिथे काटा आणि लिलाव चोख ठेवणे संचालकांचे काम. तिसरे दार थांबण्याचे. सोयाबीन, तूर, हरभऱ्यासाठी शेतमाल तारण योजनेत किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. आपल्या समितीत ती चालू आहे का, हे सरपंचांनी आणि सोसायटीच्या सचिवांनी विचारावे. नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्यावा.

ज्याला चार दिवस थांबता येते, त्यालाच बाजार भाव देतो. थांबण्याची ती ताकद गावात तयार करणे, हे सरकारचे काम आणि आपलेही.