बाळ एक, वह्या तीन. आशा, सेविका आणि नर्सबाई एकत्र बसणार कधी?

गावात बाळ जन्मलं की त्याच्यावर तिघींची नजर असते. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका आणि उपकेंद्राच्या नर्सबाई. पण आशा आणि नर्सबाई आरोग्य विभागाच्या, तर सेविका महिला व बालविकास विभागाच्या. त्यामुळे वह्या वेगळ्या, मोबाईलमधलं अ‍ॅप वेगळं, महिन्याची बैठकही वेगळी. दोघी जातात प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिसरी आपल्या पर्यवेक्षिकेकडे.

याचा फटका बसतो तो पहिलटकरणीच्या बाळाला. बाळंतपण माहेरी होतं. बाळाचं वजन अडीच किलोपेक्षा कमी भरलं, तर माहेरच्या आशाताईला ते माहीत असतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी 42 दिवसांत 6 गृहभेटी ठरलेल्या आहेत, त्याही ती करते. मग मायलेकरं सासरी जातात आणि लसीकरणाचं कार्ड कधीकधी माहेरच्या कपाटातच राहतं. सासरच्या अंगणवाडीत नाव चढतं, पण हे बाळ जोखमीचं आहे हे तिथे कुणी सांगितलेलंच नसतं. दिवाळीनंतर तेच कुटुंब ऊसतोडीला गेलं, की वहीत एकच शब्द उरतो: स्थलांतरित.

तिघींनी भेटायची जागा कागदावर आहेच. दर महिन्याला अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवस होतो. मात्र बऱ्याच ठिकाणी लस टोचली, वजन केलं, फोटो टाकला की तो संपतो. कोणत्या बाळाचं वजन दोन महिने वाढलं नाही, दंडाची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली का आली, घरात नेमकं काय चाललंय, यावर बोलायला कुणाला वेळ नसतो. आशाचा काही मोबदला कामागणिक ठरतो, बोलत बसण्याचा नाही. शिवाय भीती असते. बाळ दगावलं की 'चूक कुणाची' हाच प्रश्न आधी येतो. मग जिची तिची वही स्वच्छ राहते आणि शिकायचं राहून जातं.

एकत्र शिकण्याने फरक पडतो, हे महाराष्ट्रातच दिसलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. नुसतं एकदा प्रशिक्षण देऊन सोडलं नाही, त्यांच्या कामावर नियमित देखरेख ठेवली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि 2011 पासून देशभर आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या. भेटींची संख्या सगळीकडे पोचली, पण पाठीशी उभं राहून शिकवणारं माणूस तेवढं पोचलं नाही.

त्यासाठी नवी योजना लागत नाही. दोन्ही विभागांच्या तालुका अधिकाऱ्यांनी महिन्यातून एक बैठक सामाईक केली, आणि तिथे आकडे न वाचता दोन-तीन बाळांबद्दलच बोलायचं ठरवलं, तरी बरंच होईल. गाव पातळीवर आरोग्य, पोषण व पाणीपुरवठा समिती आहे, तिला अबंधित निधीही येतो. पुढच्या पोषण दिवशी समितीच्या सदस्यांनी अंगणवाडीत जाऊन एवढंच विचारावं: गावातल्या सगळ्यात कमी वजनाच्या बाळाचं नाव तिघींच्या वहीत एकच आहे का?