मोत्यांची माळ पुन्हा गुंफताना

गेल्या पावसाळ्यात सासूबाई दीड महिना नणंदेकडे राहिल्या. निघताना खिडकीत टांगलेली ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ त्यांनी माझ्या हवाली केली. मामंजींच्या पश्चात त्यांनी हौसेने लावलेले ते पहिले झाड. ते जपायचे म्हणून मी रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही पाणी घालत राहिले. तीन आठवड्यांत मणी पाणचट झाले, बोट लागताच गळू लागले. फोनवर त्या विचारीत, “माझी माळ काय म्हणते गं?” आणि मी विषय बदलीत असे.

या वेलीचे माहेर दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील कोरडा मुलूख. तेथे ती झुडपांच्या नि खडकांच्या आडोशाने जमिनीवर पसरते. तिचा प्रत्येक मणी म्हणजे पाण्याने भरलेले एक पानच. मण्यावरील पारदर्शक रेघेतून प्रकाश आत शिरतो. स्वतःजवळ पाणी साठवणाऱ्या या वेलीची मुळे उथळ आणि नाजूक असतात. माती सतत ओली राहिली की त्यांना हवा मिळेनाशी होते आणि ती कुजतात.

म्हणून मणी कोमेजलेले दिसताच तांब्या उचलू नये. आधी बोटाने माती चाचपावी. माती कोरडी आणि मणी सुरकुतलेले असतील, तर वेल तहानलेली आहे. माती ओली आणि मणी मऊ, पिवळट असतील, तर मुळे कुजत आहेत.

माझ्या कुंडीत दुसरा प्रकार होता. वेल अलगद काढली. काळी पडलेली, लिबलिबीत मुळे आणि देठ कापून टाकले. शेंड्याकडच्या चांगल्या वेलींचे बोटभर लांबीचे तुकडे घेतले, बुडाकडचे दोन-तीन मणी काढले आणि काप सुकण्यासाठी ते दोन दिवस सावलीत ठेवले. कुंडी मोठी घेण्याचा मोह टाळावा. मोठ्या कुंडीत ओल फार काळ टिकते. उथळ, बुडाला भोक असलेली मातीची कुंडी उत्तम. तिच्यात निम्मी हलकी माती आणि निम्मे पर्लाइट अथवा जाड वाळू घालावी. समुद्राची खारी वाळू मात्र नको.

तुकडे मातीत खोल न खोवता वर वेटोळे करून ठेवावेत आणि केसांच्या पिनांनी मातीशी टेकवावेत. मुळे पेरांपाशी फुटतात. मातीचा वरचा थर सुकला की हलका शिडकावा पुरे. तुकडा हळूच ओढल्यावर अडला, तर मूळ धरले असे समजावे. त्यानंतर कुंडी पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. मात्र ते बुडातून वाहीपर्यंत द्यावे. सकाळचे कोवळे ऊन वेलीच्या माथ्यावर पडावे. छताला अगदी भिडवून टांगल्यास माथा अंधारात राहून टक्कल पडते. पावसाचे थेट पाणीही टाळावे.

घरात लहान मुले किंवा मांजर असल्यास कुंडी हाती न लागेल अशीच टांगावी. हे मणी पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होऊ शकतात; चिकाने त्वचाही चुरचुरते. मुलाने मणी खाल्लेच, तर डॉक्टरांना विचारावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. झाडाचे नुकसान होतेच, शिवाय डेंग्यू पसरवणारे डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतात.

सासूबाई परतल्या, तेव्हा त्या दाट माळेच्या जागी वीतभर कुंडीत सहा आखूड तुकडे होते. मी सगळे सांगून टाकले. त्यांनी एक तुकडा हळूच ओढून पाहिला, तो अडला. “धरलंय गं,” त्या म्हणाल्या, “पण आता पाणी मीच घालीन.”