‘बरं आहे’चा हिशेब

मराठीत ‘नको’सारखा फसवा शब्द दुसरा नसेल. पाहुणा ‘चहा नको’ म्हणाला, की आपण आधण ठेवतो. सासूबाई ‘मला लुगडं कशाला?’ म्हणाल्या, की सूनबाई दुकानाची वाट धरते. आणि कोणी प्रकृती विचारली, तर गुडघे कितीही कुरकुरत असोत, ‘बरं आहे’ हे उत्तर ठरलेले! घरात हे सारे शोभते, कारण ऐकणाऱ्याला खरा अर्थ ठाऊक असतो. विम्याच्या कागदाला मात्र तो ठाऊक नसतो.

माझी आत्या न्यू जर्सीत मुलाजवळ राहते. वयाची पासष्टी उलटलेली, कायम वास्तव्याचा परवाना आणि सलग ५ वर्षांचा मुक्काम, एवढ्या भांडवलावर तिला ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याचा ‘पार्ट बी’ हप्ता भरून घेता आला. (चार महिने नातवंडे पाहायला जाणाऱ्या आजी-आजोबांना तो मिळत नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.) गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. मुलाने आग्रह धरला, डॉक्टरांनी चाकांच्या खुर्चीची चिठ्ठी दिली. पण खुर्ची पुरवणाऱ्या दुकानाने कागद परत धाडले. डॉक्टरांच्या टिपणात लिहिले होते: तक्रार नाही, काठीने चालते, खुर्चीची इच्छा नाही.

डॉक्टरांनी तरी काय करावे? आत्याने तेच सांगितले होते!

खरी गोष्ट अशी, की भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाताना ती दोनदा पडली होती. रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारनंतर तिने पाणी पिणेच सोडले होते. मी फोनवर रागावले, तर म्हणाली, “अगं, परक्या माणसापुढे रडगाणं काय गायचं?”

“रडगाणं नको गाऊस आत्या,” मी म्हटले, “दिवसभराचं वेळापत्रक सांग.”

कारण हा विमा विचारतो ते एवढेच: शौचाला जाणे, जेवण, कपडे बदलणे, वेणीफणी, स्नान ही कामे घरातल्या घरात जिथल्या तिथे जाऊन होतात का? काठीने किंवा वॉकरने भागते का? खुर्ची दारांतून जाईल का? रुग्णाला ती चालवता येईल का, नाही तर ढकलणारे माणूस आहे का? आणि शेवटी, रुग्णाने तिला ‘नको’ तर म्हटले नाही ना? केवळ देवळात किंवा बाजारात जायला हवी म्हणाल, तर ती गरज धरली जात नाही.

खुर्च्यांनाही तिथे क्रमांक आहेत. के०००१ साधी, के०००२ बुटक्या बैठकीची, के०००३ हलकी. आत्याला दुसरी हवी होती. एका हाताने चाक फिरवायचे, तर उजवा पाय जमिनीला टेकवून रेटा द्यावा लागतो. हे कारणही टिपणात उतरावे लागते, नाही तर पदरात साधीच पडायची.

पुढच्या खेपेला आत्याने पडल्याचे सांगितले, पाण्याचेही सांगितले. मुलाने ते जसेच्या तसे इंग्रजीत केले. महिन्याभरात खुर्ची दारात आली. वर्षाची ठरावीक रक्कम आधी आपण भरायची. मग मंजूर भाड्यातले ८० टक्के विमा देतो, २० टक्के आपण. असे सलग १३ महिने भाडे गेले, की खुर्ची आपल्या मालकीची. ती घरातल्या गरजेसाठी मंजूर होते खरी, पण बाहेर न्यायला बंदी नाही. आत्याच्या आता शेजारपाजारी ओळखी झाल्या आहेत!

वाचकहो, आपल्या इथेही विम्याच्या कचेरीत बसलेला माणूस आईचा चेहरा पाहत नाही, कागद पाहतो. कागदावर ‘बरं आहे’ असेल, तर तो ‘बरं आहे’ असेच वाचणार. तेव्हा या दिवाळीत वडीलधाऱ्यांच्या पाया पडाल, तेव्हा नुसते ‘कसं काय?’ विचारून उठू नका. रात्री न्हाणीघरापर्यंत कसे जाता, एवढे एक विचारा. आणि ‘जाते हळूहळू’ असे उत्तर आले, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे तुम्हीही बरोबर जा.