ओ म्हणजे ओच का?

गुंजीला माऊलीदेवीच्या जत्रेत लहान पोरं गर्दीतून सटकून पुढे जातात, आम्ही मोठे मागे अडकतो. जेल इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये हेच होतं. चायनाग्रासच्याच जातीच्या थिजलेल्या जेलमध्ये डीएनएचे तुकडे ठेवून वीज सोडतात. छोटे धन टोकाकडे भराभर धावतात, लांब रेंगाळतात. फारच लांब तुकडे वेगळेच होत नाहीत, म्हणून १९८४ मध्ये श्वार्ट्झ आणि कँटर यांनी विजेची दिशा सारखी बदलण्याची युक्ती काढली.

आता आपल्या घरची गोष्ट. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. वरवरच्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, पण अशा माणसाला ‘ओ’ रक्त चढवलं तर जीवावर बेतू शकतं. मूळ दोष एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एफयूटी१ या जनुकात. शेजारीच त्याचं भावंड एफयूटी२, आणि एक निकामी झालेलं तिसरंही! दिसायला सारखी, त्यामुळे कोण कुठे आहे याचा नकाशा हवाच. भारतीयांतल्या नेहमीच्या प्रकारात एफयूटी१चं एकच अक्षर बदललेलं असतं, पण एफयूटी२ सुमारे दहा हजार अक्षरांच्या पट्ट्यासकट गायब. एक अक्षर जेलवर सहसा दिसत नाही. एवढं मोठं भगदाड मात्र रेघ भलतीकडे उमटवून लगेच चहाडी करतं.

रक्तपेढीत एवढा खटाटोप लागत नाही, अँटी-एचचा थेंब पुरतो. माझ्या भाच्याच्या कार्डावर ‘ओ’ आहे. पुढच्या रक्तदानाला तेवढं विचारून ये, म्हटलंय.