पेटीची प्रकृती

कोजागिरीपासून गावोगावच्या देवळांत काकडा सुरू होतो. त्याच्या आधी पंधरा दिवस आमच्या नगरातल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात भजनी मंडळांच्या पेट्यांची रांग लागते. नेवासे, शेवगाव, पाथर्डी, सगळीकडच्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाची पट्टी अडकलेली, कुणाचा एखादा सूर बसलेला. दवाखानाच तो!

यंदा या रोग्यांच्या पाठीवर टपालाच्या तिकिटाएवढा काळापांढरा चौकोन चिकटवलेला दिसला. मोबाइल त्यासमोर धरावा, की पेटी केव्हा आली, काय बदलले, ते पडद्यावर उमटते. हा आपला ओळखीचा क्यूआर कोड. जपानात डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ साली तो काढला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. आपण त्यावर भाजीचे पैसे देऊ लागलो, ही पुढची गोष्ट.

पेटीला एवढी दप्तरदारी कशाला, असे कुणी विचारील. तर ऐका. पेटीचा सूर म्हणजे आतली पितळेची पत्ती. ती बेसूर झाली, की कारागीर ती घासून जागेवर आणतो. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पण घासलेले पितळ पुन्हा चिकटवता येत नाही! पत्ती आधी किती वेळा आणि कुठे घासली गेली, हे नव्या कारागिराला ठाऊक नसेल, तर चांगला सूर त्याच्या हातून कायमचा जायचा.

आजवर हा इतिहास म्हाताऱ्या मिस्त्रींच्या डोक्यात असे. मिस्त्री गेले, की दप्तर गेले. त्या मानाने घड्याळजी शहाणे. ते झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खुणा कोरून ठेवीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आनंद झाला. पण तो जन्माचा दाखला. पुढच्या दुखण्याखुपण्याची नोंद कोण ठेवणार?

म्हणून हा चौकोन मला आवडला. तक्रार एकच. बहुधा त्यात नुसता पत्ता असतो. खरी नोंद दूर कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रात. दुकान बंद पडले, वर्गणी थकली, की चौकोन नुसते ठिगळ! वास्तविक मोठ्या चौकोनात ४,२९६ इंग्रजी अक्षरे आणि आकडे मावतात. देवनागरी कमी मावते, पण कोणता सूर, कोणते साल, कुठे घासला, एवढे सांगायला पुष्कळ झाले.

तेव्हा वाचकहो, पेटी घरी आणण्यापूर्वी मोबाइलचे इंटरनेट बंद करून चौकोन वाचून पाहा. नोंद दिसली तर उत्तम. नाही दिसली, तर मिस्त्रींना झाकणाच्या आत पेन्सिलीने दोन ओळी लिहायला सांगा. दुकानाची वही दुकानात राहील. पेटीची वही पेटीबरोबरच घरी यावी.