नळदुर्गचा हवालदार

२६ जुलै आला की जिल्ह्यातल्या शाळांत कारगिल विजय दिन होतो. शहिदांच्या तसबिरींना हार, उदबत्ती, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहणे, मग भाषणे. सातवीतली एखादी मुलगी तोलोलिंग, टायगर हिल, पॉइंट ४८७५ ही नावे न अडखळता घडाघडा म्हणते आणि विक्रम बत्रांपाशी आली की तिचा आवाज चढतो. चांगलेच आहे. १९९९च्या त्या उन्हाळ्यात ५२७ जवान गेले. त्यांच्यासाठी वर्षातली एक सकाळ म्हणजे काही फार नव्हे.

पण याच मुलीची सहल पावसाळ्यात नळदुर्गला जाते. किल्ला बघायचा, पाणीमहाल बघायचा, नर-मादी धबधब्यापुढे फोटो काढायचे, डबे सोडायचे आणि गाडीत बसायचे. या बोरी नदीकाठी भारतीय सैनिक लढले आणि पडले, हे त्या सहलीत कोणी सांगते का?

१३ सप्टेंबर १९४८. भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली ती नळदुर्गच्याच रस्त्याने. नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती यायला हवे होते. बोरीवरचा पूल उडाला असता तर हैदराबादची वाट अडली असती. शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचा हवालदार बचित्तरसिंग सर्वांत पुढच्या तुकडीचे नेतृत्व करत होता. मशीनगनच्या गोळ्यांनी त्याची मांडी फुटली. उभे राहता येईना, तर तो सरपटत पुढे गेला आणि हातबाँब फेकून गोळ्या झाडणारे ते ठाणे गप्प केले. त्या जखमेने तो गेला. त्याला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, म्हणजे शांतताकाळातला सर्वोच्च शौर्यसन्मान.

शांतताकाळातला! घोळ आहे तो इथेच. फौज, रणगाडे, विमाने असा सगळा सरंजाम असूनही सरकारी दप्तरात ही मोहीम युद्ध नव्हे, ‘पोलीस कारवाई’ ठरली आणि आपल्या घराघरात ‘पोलीस ॲक्शन’. पोलीस ॲक्शनमध्ये कोणी धारातीर्थी पडले असेल, हे मग कोणाच्या ध्यानी येणार?

हा इतिहास सांगणे अवघड जाण्याचे आणखी एक कारण आहे, तेही झाकू नये. सैन्य पुढे गेल्यावर मागे निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, ती चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने नोंदवली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद (आजचा धाराशिव) होता. मोठ्या वर्गातल्या मुलांना तेही सांगावे लागेल. पण म्हणून पहाटेच्या अंधारात इथे लढायला आलेल्या पंजाबी हवालदाराचे नावच घ्यायचे नाही, हा कुठला न्याय?

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन प्रत्येक शाळेत होतेच. मुख्याध्यापकांनी त्याच्या चार दिवस आधी, १३ तारखेच्या परिपाठात, पाच मिनिटे बचित्तरसिंगसाठी काढावीत. आणि नळदुर्गच्या सहलीत धबधब्याकडे वळण्याआधी गाडी बोरीच्या पुलापाशी जरा थांबवावी.