घर आणि आरोग्य : मुलांच्या डोक्यातील उवा

जयपूरच्या जवाहर नगरात राहणाऱ्या एका मराठी भगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत. शाळेत भर वर्गात तसे सांगून तिला घरी पाठविण्यात आले, आणि तेव्हापासून मुलगी शाळेत जावयास तयार नाही. शेजारणीने सीताफळाच्या बिया वाटून लावावयास सांगितले आहे, सासूबाई रॉकेल सुचवितात, आणि यजमानांचे म्हणणे असे की, केस कापून टाकले म्हणजे प्रश्नच मिटला. असे प्रश्न पुष्कळ घरांत दबक्या आवाजात विचारले जातात. म्हणून या वेळचे सदर आम्ही त्यालाच दिले आहे.

काय करू नये, ते आधी सांगणे अवश्य आहे; कारण त्यात मुलीच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. सीताफळाच्या बियांत ऊ मारण्याचा गुण आहे, हे खोटे नाही. परंतु तीच पूड घामाबरोबर किंवा डोके धुताना डोळ्यांत उतरली, तर बुबुळावरील पारदर्शक पडद्यास इजा होते. डोळा लालभडक होतो, उजेड सोसत नाही, दृष्टी अंधुक होते. अशा रुग्णांची नोंद आपल्या देशातील नेत्रवैद्यांनी केलेली आहे. चुकून पूड डोळ्यांत गेलीच, तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रवैद्यास दाखवावा. रॉकेलाने टाळूची कातडी होरपळते, आणि ओल्या केसांनी मूल चुलीजवळ गेले तर पुढचे सांगावयास नको. ढेकणांचे किंवा शेतातील पिकांचे औषध तर मुलाच्या डोक्याला कधीही लावू नये. ते कातडीतून शरीरात भिनते.

आता उवांविषयी. ऊ तिळाएवढी असते. तिला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. केसाला धरून ती चालते, एवढेच. म्हणून ती एका डोक्यावरून दुसऱ्यावर जाते ती मुख्यतः डोक्याला डोके लागल्यामुळे. मुली एकमेकींच्या गळ्यात हात घालून गुजगोष्टी करतात, बहिणी एकाच जयपुरी रजईत झोपतात, आणि उवांना वाट मिळते. यात घाणेरडेपणाचा काहीच संबंध नाही. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही त्या तितक्याच सुखाने राहतात. मुलीला हे समजावून सांगावे, आणि शाळेतील बाईंनाही सांगावयास संकोच करू नये.

मूल डोके खाजवू लागले म्हणजे उवा आजच झाल्या, असे समजू नये. खाज सुटते ती उवेच्या लाळेमुळे, आणि पहिल्याच वेळी ती जाणवू लागण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. तेव्हा खाजेची वाट न पाहता आठवड्यातून एकदा उजेडात बसवून डोके पाहावे. कानांमागे आणि मानेवर, केस उगवतात तेथे विशेष पाहावे. कोंडा बोटाने झटकता येतो. लीख केसाला डिंकाने चिकटविल्यासारखी घट्ट बसते आणि नखानेच ओढावी लागते. येथे एक हिशेब उपयोगी पडतो. मादी टाळूला लागूनच लिखा घालते, आणि केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. म्हणून टाळूपासून दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावर दिसणारी लीख दोन महिन्यांहून जुनी, म्हणजे रिकामे टरफलच होय. तीवरून घरात हाहाकार माजविण्याचे कारण नाही. जिवंत, चालणारी ऊ सापडली, तरच उपचार करावा.

उपचार फसतो तो बहुधा दुसऱ्या खेपेकडे दुर्लक्ष झाल्याने. लीख सात ते दहा दिवसांत फुटते. बाहेर आलेले पिल्लू आणखी सुमारे नऊ ते बारा दिवसांत मोठे होऊन स्वतः लिखा घालू लागते. औषधाने चालत्या उवा मरतात, पण लिखा पुष्कळशा वाचतात. त्या फुटल्यानंतर, परंतु पिल्ले मोठी होण्यापूर्वी, दुसरा घाव घातला पाहिजे. पर्मेथ्रिनचे १ टक्का द्रावण औषधांच्या दुकानात मिळते. केस साध्या शांपूने धुवून पंचाने टिपावेत, मग ते औषध टाळूला व केसांच्या मुळांना लावून १० मिनिटांनी धुवून टाकावे. नवव्या दिवशी पुन्हा पाहावे. एकही जिवंत ऊ दिसली, तर तोच विधी पुन्हा करावा. दोन महिन्यांच्या आतील अर्भकास हे लावू नये, आणि गरोदर स्त्रीने डॉक्टरांस विचारावे. अलीकडे अनेक देशांत या औषधाला न जुमानणाऱ्या उवा आढळल्या आहेत. दोन खेपांनीही त्या हटल्या नाहीत, तर मात्रा वाढवीत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

फणीवाचून मात्र कोणत्याही औषधाचे चालत नाही. केस ओले करून, खोबरेल तेल भरपूर लावून, बट-बट वेगळी करीत टाळूपासून टोकापर्यंत बारीक दातांची फणी फिरवावी आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कापडावर पुसावी. तेलाने ऊ खात्रीने मरत नाही, पण ती मंदावते आणि फणी सरकते. हे काम तीन-चार दिवसांआड निदान दोन आठवडे चालवावे. कंटाळवाणे आहे खरे. पण नुसत्या फणीनेही उवा घालविता येतात, हे आमच्या आज्यांना पाठ होते. त्यांच्याही आधी ही विद्या माणसास होती. इस्राएलमधील लाकीश येथे २०१६ साली सापडलेल्या हस्तिदंती फणीवर काही अक्षरे कोरलेली आहेत. २०२२ साली ती वाचण्यात आली. केसांतील व दाढीतील उवा या फणीने निघोत, अशी ती इच्छा आहे. ती फणी सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची मानतात. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर लिक्षा आणि यूका ही लांबीची मापेच आहेत: आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव. भाषांतराचे काम करताना आमच्या ध्यानात आले की, याच यूकेची मराठीत ऊ झाली आणि हिंदीत जूँ, लीख मात्र दोन्हीकडे लीखच राहिली.

केस कापण्याविषयी. केस तोकडे असले म्हणजे फणी सोपी जाते, इतकाच लाभ. दहा दिवसांच्या कामासाठी मुलीची वेणी कापून तिला वर्गात आणखी एकदा हसे करून घेण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. लहान मुलाचे डोके करावयाचे असेल, तर गोष्ट निराळी.

शाळांविषयीही थोडे लिहावयाचे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने उवांमुळे मुलास शाळेबाहेर ठेवू नये, असा सल्ला स्पष्टपणे दिला आहे. मूल वर्गात पकडले जाते, तेव्हा उवा बहुधा महिनाभर त्याच्या डोक्यात असतात. एक दिवस आधी घरी पाठवून काय साधणार? डोक्यातील ऊ प्रलापक सन्निपात, म्हणजे टायफस ज्वर, पसरवीत नाही; ते काम कपड्यांत राहणाऱ्या उवेचे. खाजवून टाळूला जखम झाली आणि तीत पू झाला किंवा मानेत गाठी आल्या, तर मात्र डॉक्टरांस दाखवावे. पालकांना चिठ्ठी बंद पाकिटातून द्यावी, मुलाचे नाव वर्गात घेऊ नये, ही शाळेकडून रास्त अपेक्षा आहे.

घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावीत, आणि ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा असतील त्या सर्वांवर त्याच दिवशी उपचार करावा. आईचे डोके बहुधा विसरले जाते. फण्या व कंगवे कढत पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. गेल्या दोन दिवसांतील उशांचे अभ्रे, पंचे व टोप्या कढत पाण्यात धुवाव्यात. सबंध घरभर औषध फवारण्याची गरज नाही, कारण डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांतच मरते. जाड रजई धुणे शक्य नसेल, तर ती दोन-तीन दिवस कोणी न पांघरता बाजूस ठेवावी.